हातात आलेली पोस्ट आणि मनातली पोस्ट

ताई,

मी २६ वर्षांची. गाव परभणी जिल्ह्यात, सेलूजवळ. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं आणि तीन वर्षांपूर्वी पुण्याला आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. यूपीएससीचे दोन अटेम्प्ट झाले, दोन्ही वेळा प्रिलिमलाच, म्हणजे पूर्व परीक्षेतच, अडकले. दुसऱ्या वेळी अगदी थोडक्यात. मध्ये सरावासाठी म्हणून एमपीएससीची कंबाईन, म्हणजे गट ब ची संयुक्त परीक्षा, दिली आणि त्यात राज्य कर निरीक्षक म्हणून निवड झाली. घरी पेढे वाटले. बाबा म्हणतात, रुजू हो. अभ्यासिकेतल्या मैत्रिणी म्हणतात, एकदा नोकरीत शिरलीस की संपलं, तिथेच अडकशील. मला लहानपणापासून कलेक्टर व्हायचंय. ते नाही जमलं तर बाकीच्या सेवांमध्ये काय असतं, हे खरं तर मला नीट माहीतही नाही. रुजू होऊ, की पूर्ण वेळ आणखी दोन अटेम्प्ट देऊ? आणि पुण्याची रूम सोडू का?

– सेलूकडची एक वाचक

प्रिय लेकी,

आधी अभिनंदन, अगदी मनापासून. पण तुझ्या पत्रातला एक शब्द मला खटकला. 'सरावासाठी.' अगं, गट ब ची मुख्य परीक्षा चारशे गुणांची असते. राज्य कर निरीक्षकाच्या पदाला मुलाखत नसते, म्हणजे कुणी समोर बसून दोन गुण जास्त दिले असं म्हणायलाही जागा नाही. जे मिळालं ते निव्वळ पेपरवर मिळालं. तुझ्याच अभ्यासिकेत या यादीत नाव यावं म्हणून चार-चार वर्षं बसलेली मुलं असतील. त्यांच्यासमोर हा निकाल सराव होता असं म्हणू नकोस, आणि स्वतःशीही म्हणू नकोस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. रुजू हो. नियुक्तीपत्रात जी तारीख येईल त्या तारखेला हजर राहा. मुदतवाढ मागता येते असं तुला कुणीतरी सांगेलच, मागू नकोस. यूपीएससी सोडायची नाही, पण ती आता पगार घेत द्यायची.

का, ते सांगते. मी स्वतः नायब तहसीलदार म्हणून लागले आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्याआधी यूपीएससीचे दोन अटेम्प्ट दिले होते, दोन्हींत नाव आलं नाही. रुजू होताना मलाही वाटत होतं की आपण मागच्या दाराने आत चाललोय. ते वाटणं जायला बरीच वर्षं लागली, आणि त्या वर्षांत मी हातातलं काम अर्ध्या मनाने केलं याचं मला आजही वाईट वाटतं. तुझी ती वर्षं वाचावीत म्हणून हे इतकं लांबलचक लिहिते आहे.

आकडे बघ. २०२४ ची नागरी सेवा परीक्षा घे. अर्ज आले ९,९२,५९९. प्रिलिमला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीसाठी २,८४५ आणि अंतिम यादीत आले १,००९. बसलेल्या दर ५७८ जणांमागे एक. आता त्या यादीचंही पुढे काय होतं ते बघ. त्या वर्षी आयएएसच्या जागा होत्या १८०, परराष्ट्र सेवेच्या ५५, आयपीएसच्या १४७. केंद्रीय सेवांच्या गट अ च्या मात्र ६०५ आणि गट ब च्या १४२. म्हणजे इतकी मोठी चाळण पार करून जी मुलं यादीत येतात, त्यांतली बहुतेक अशा सेवांमध्ये जातात ज्यांची नावं अभ्यासिकेत क्वचितच कुणी घेतं.

काही महिन्यांपूर्वी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मुलांशी बोलायला गेले होते. पंचवीसेक मुलं-मुली होती, दुपारची वेळ, मेसचे डबे नुकतेच धुऊन खिडकीत पालथे घातलेले. मी विचारलं, उद्या पसंतीक्रम भरायची वेळ आली तर कसा भराल? आयएएस, आयपीएस, परराष्ट्रवाली आयएफएस, करवाली आयआरएस, इथपर्यंत सगळे एका सुरात बोलले. मग शांतता. एका मुलाने जरा वेळाने विचारलं, "मॅडम, त्याच्या खालच्या भरल्याच पाहिजेत का?" त्याच्या टेबलाला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पेनाने काढलेली पांढरी गाडी आणि टपावर लाल रंगाने भरलेला दिवा. तो दिवा १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून गेला, हे त्याला माहीत होतं. चालू घडामोडींत त्याने ते वाचलेलं होतं. तरी चित्रात दिवा होता.

तुला त्या मुलापेक्षा वेगळं काही सांगत नाही. तुझ्या पत्रात 'कलेक्टर व्हायचंय' असं आहे, पण कलेक्टर होऊन सकाळी दहा ते रात्री दहा काय करायचंय ते नाही. त्यावर तू कधी विचार केला असशील असंही मला वाटत नाही, कारण आपल्याकडे तो कुणी करायलाच लावत नाही. गावाकडे कलेक्टर म्हटलं की एक माणूस डोळ्यांसमोर येतो ज्याच्यापुढे सगळे उभे राहतात. पण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत प्रत्यक्ष जिल्हाधिकारी म्हणून आयएएस अधिकाऱ्याच्या वाट्याला मोजकीच वर्षं येतात. बाकीची वर्षं जिल्हा परिषद, महापालिका, महामंडळं, मंत्रालय, दिल्ली अशी फाईलींमध्ये आणि बैठकांमध्ये जातात. आणि केडर, म्हणजे नोकरीचं राज्य, महाराष्ट्रच मिळेल असं मुळीच नाही. मणिपूर मिळेल, तमिळनाडू मिळेल. तिथली भाषा शिकून तिथल्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायची तयारी आहे का? असेल तर आयएएस पहिल्या क्रमांकावर ठेव, माझी काहीच हरकत नाही. मात्र 'आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांसाठी' हे तुझ्या मनातलं चित्र असेल, तर ते चित्र राज्यसेवेचं आहे. त्याचं नाव तहसीलदार, गटविकास अधिकारी, मुख्याधिकारी, उपजिल्हाधिकारी. आयएएसच्या एक तृतीयांशपर्यंत जागा राज्यांच्या सेवांमधून बढतीने भरतात. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यांमध्ये या वाटेने आलेलेही असतात.

आणि पदाचा अधिकार म्हणजे काय असतं, ते तुला एका शेतातून दाखवते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गारपीट झाली, ती तुला आठवत असेल. तू शाळेत असशील तेव्हा. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याला तहसीलदार होते. पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशी तिघांची पथकं. एका गावात तक्रार आली म्हणून मी स्वतः गेले. ज्वारी आडवी झालेली, हरभऱ्याचे घाटे फुटून मातीत मिसळलेले. बांधाच्या सावलीत गारा अजून पुरत्या वितळल्या नव्हत्या. त्या शेताचा पंचनामा ४५ टक्के नुकसान असा झाला होता, आणि त्या वेळी मदत मिळायची ती ५० टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच. शेतकरी वयस्कर होते. ते भांडले नाहीत. म्हणाले, "बाई, पाच टक्के म्हणजे ज्वारीची किती तासं, तेवढं सांगा. मी तेवढी अजून आडवी करतो."

मी कृषी सहायकाला सोबत घेऊन पुन्हा मोजलं. वरचं टोक, खालचं टोक, ओढ्याकडची बाजू. शेजारच्या दोन शेतांचा आकडा बदलला, कारण पथकाने तिथे रस्त्याकडचीच बाजू पाहिली होती. त्यांचा बदलला नाही. मी ४५च कायम ठेवलं. कलेक्टर स्वतः आले असते तरी त्यांनी ४५च लिहिलं असतं. माझ्या हातात शिक्का होता आणि त्या माणसाला देण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, केंद्राने ती अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आणली. ते परिपत्रक टेबलावर आलं तेव्हा मी पहिल्यांदा त्या बांधाचा विचार केला, आणि मग दिल्लीतल्या त्या सगळ्या लोकांचा, ज्यांच्यासमोर देशभरातले पंचनाम्यांचे तक्ते आले असतील, ज्यांनी पैशाचा हिशेब मांडला असेल, टिपणी लिहिली असेल. त्यांपैकी कुणाचंही नाव मला माहीत नाही. शेतात जाणारा अधिकारी मोठा आणि हिशेब मांडणारा छोटा, असं मी त्या दिवसापासून मानलं नाही.

म्हणून आता त्या 'बाकीच्या सेवां'बद्दल. सगळ्या सांगत बसत नाही, ज्यांतली माणसं मी जवळून पाहिली त्या सांगते. गट अ च्या सगळ्या सेवांचा पहिला मूळ पगार सारखाच असतो, ५६,१०० रुपये, मग ती आयएएस असो की टपाल सेवा. पुढे बढतीचा वेग वेगळा पडतो हे खरं, पण पहिल्या दिवशी कुणी कमी आणि कुणी जास्त नसतं.

माझी एक मैत्रीण भारतीय लेखापरीक्षा आणि लेखा सेवेत होती. ही कॅगची, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांची सेवा. प्रशिक्षण शिमल्याला होतं, आणि आपल्याकडे महालेखापालांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. ती एकदा मला सांगत होती की एका जिल्ह्यातल्या विहिरींचं ऑडिट सुरू होतं. दोन वेगळ्या योजना, दोन वेगळी खाती, दोन वेगळी बिलं, सगळी कागदपत्रं व्यवस्थित. तिच्या माणसांनी दोन्ही याद्यांतले गट नंबर शेजारी-शेजारी लिहून काढले. तीच विहीर दोन्हीकडे. मग ते शेतावर गेले, विहिरीत डोकावले आणि फोटो काढून आले. विहीर एकच होती, पैसे दोनदा गेले होते. तिला कुणी सॅल्यूट केला नाही, गावात कुणाला तिचं नावही कळलं नाही. पण मी तिच्या आवाजात जो आनंद ऐकला, तो अनेक कलेक्टरांच्या आवाजात ऐकलेला नाही. ज्याला कागदाच्या तळाशी जायला आवडतं त्याच्यासाठी ही सेवा आहे.

आयआरएस दोन आहेत हे तुला माहीत असेल: एक प्राप्तिकर, दुसरी सीमाशुल्क आणि अप्रत्यक्ष कर. प्राप्तिकरवाल्यांची राष्ट्रीय अकादमी आपल्या नागपुरात, छिंदवाडा रोडवर आहे. दुसरी आयआरएस तुझ्या आत्ताच्या पोस्टची थोरली बहीण समज. जीएसटी तिथेही आहे आणि इथेही. संरक्षण लेखा सेवेची अकादमी तर तू राहतेस त्या पुण्यातच आहे. संरक्षण संपदा सेवा म्हणजे लष्कराच्या ताब्यातली जमीन आणि छावण्या सांभाळणारी. देशभरात ही जमीन सुमारे १८ लाख एकर आहे, आणि पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी इथल्या कॅन्टोन्मेंट बोर्डांचा कारभार याच सेवेतले अधिकारी पाहतात. जमिनीचे कज्जे, नकाशे, अतिक्रमणं यात ज्याला रस आहे त्याला आयुष्यभर पुरेल इतकं काम. टपाल सेवेला मुलं नाक मुरडतात. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत, बहुतेक खेड्यात, आणि म्हातारीची पेन्शन आणि पोरीचं सुकन्या खातं तिथेच असतं. रेल्वे, माहिती सेवा, कॉर्पोरेट कायदा, व्यापार सेवा, यांच्याबद्दल वाचून काढ. प्रत्येक सेवेतल्या एका तरी माणसाशी प्रत्यक्ष बोल. पाच मिनिटं मागितली तर अधिकारी देतात, विशेषतः गावाकडून आलेल्या मुलीला.

परराष्ट्र सेवेबद्दल एवढंच, की तिथे निम्मं आयुष्य देशाबाहेर जातं आणि एक परकी भाषा नव्याने शिकावी लागते. आई-वडील थकल्यावर जवळ असणं तुझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे, ते तुलाच माहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुझं पत्र बाजूला काढून ठेवलं ती. तू बी.एस्सी. अ‍ॅग्री आहेस आणि तुझ्या पूर्ण पत्रात भारतीय वन सेवेचा उल्लेख नाही. आयएएस, आयपीएस यांच्यासारखीच ही अखिल भारतीय सेवा, १९६६ मध्ये सुरू झालेली. तिची प्रिलिम वेगळी नाही. तू दोनदा दिलीस तीच. अर्ज भरताना वन सेवेसाठीही बसायचंय एवढं सांगायचं असतं. त्यासाठी ठरावीक विषयांची पदवी लागते, आणि कृषी पदवी त्यात आहे. इतिहास, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या तुझ्या मैत्रिणींना हे दार बंद आहे, तुला उघडं आहे. तू दोन वर्षं त्याच्यासमोरून चालत गेलीस.

सोपं आहे असं म्हणत नाही. जागा कमी असतात. २०२४ मध्ये १५० होत्या. प्रिलिमचा कट-ऑफ नागरी सेवेपेक्षा वर असतो. मुख्य परीक्षा १४०० गुणांची आणि मुलाखत ३०० ची. त्यात दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागतात आणि पेपर इंग्रजीतच लिहावा लागतो. यूपीएससी मराठीतून द्यायचा विचार असेल तर इथे तो चालणार नाही. पण तुझी पदवी इंग्रजीतूनच झाली आहे ना? मृदाशास्त्र, पीकशास्त्र, वनस्पतिरोग हे तू इंग्रजीतच लिहून पास झालीस. कृषी आणि वनशास्त्र अशी जोडी घेता येते. शिवाय नागरी सेवेलाही कृषी हाच वैकल्पिक विषय ठेवलास तर एक अभ्यास दोन्हीकडे कामाला येतो. शेवटी चालण्याची चाचणी असते, मुलींना चार तासांत १४ किलोमीटर. सेलूकडच्या मुलीला त्याची भीती नसावी.

आणि काम? पाणलोट, चराई, वणवे, गावकऱ्यांचे वनहक्क, बिबट्या विहिरीत पडला म्हणून रात्री दोनला आलेला फोन. मेळघाट १९७३ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत होता. तिथे वाघासाठी माणसं हलवायची की माणसांसाठी जंगल सोडायचं, हा प्रश्न पन्नास वर्षं झाली तरी रोज नव्याने सोडवावा लागतो. जिला माती कळते अशा अधिकारी मुलीची तिथे गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

राज्यातही तुझ्या पदवीला स्वतःची दारं आहेत. एमपीएससीच्या राजपत्रित संयुक्त पूर्व परीक्षेतून राज्यसेवेबरोबर महाराष्ट्र कृषी सेवा आणि महाराष्ट्र वन सेवाही भरली जाते. जाहिरातीत त्या वर्षी कोणत्या सेवेच्या जागा आल्यात ते बघायचं. कृषी सेवेत उपसंचालक, तालुका कृषी अधिकारी. वन सेवेत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल. आणि २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे: १७५० गुण लेखी, २७५ मुलाखत, हुबेहूब यूपीएससीसारखी. या बदलावरून २०२३ मध्ये पुण्यात मोठं आंदोलन झालं, तेव्हा तू नुकतीच आली असशील किंवा यायच्या बेतात असशील. वर्षानुवर्षं पर्यायी उत्तरांची तयारी केलेल्या मुलांची घालमेल मला समजत होती. तुझ्यासाठी मात्र हा बदल सोयीचा आहे. एकच अभ्यास, एकच निबंध, एकच वैकल्पिक विषय, दोन आयोग. खुल्या प्रवर्गाला यूपीएससीत ३२ व्या वर्षी दार लागतं, एमपीएससीत ३८ पर्यंत उघडं असतं. तुझा प्रवर्ग तू लिहिला नाहीस म्हणून खुल्याचाच हिशेब धरते: यूपीएससीचे सहा अटेम्प्ट, दोन झाले, चार उरले. नुसता अर्ज भरून परीक्षेला गेली नाहीस तर अटेम्प्ट धरत नाहीत, पण प्रिलिमच्या एका जरी पेपरला बसलीस तरी तो गेला. तयारी नसेल त्या वर्षी 'बसून तर बघू' करू नकोस.

आता मैत्रिणींचं 'अडकशील'. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते लपवत नाही. पहिलं वर्ष अभ्यास होत नाही. नवं गाव, नवी खोली, प्रशिक्षण, विभागीय परीक्षा, घरून लग्नाचे फोन. माझं ऐकशील तर पहिलं वर्ष नोकरीलाच दे. राज्य कर निरीक्षक म्हणून तुला नोंदणीच्या पत्त्यावर जाऊन बघावं लागेल की धंदा खरंच तिथे चालतो का. कागदावर कोट्यवधींची उलाढाल आणि पत्त्यावर बंद शटर, असं सापडतं. कधी त्या पत्त्यावर रोजंदारीवर जाणारा माणूस राहत असतो, ज्याला आपल्या पॅन कार्डावर कंपनी निघाल्याचा पत्ताच नसतो. त्याच्या दारात उभी राहून तू त्याच्याशी कशी बोलतेस, ते तुला कोणत्याच टेस्ट सिरीजमध्ये शिकता येणार नाही. यूपीएससी मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या चौथ्या पेपरात सचोटी, सहानुभूती यांवर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं तू पाठ केलेल्या व्याख्यांनी लिहितेस. वर्षभराने ती त्या दाराच्या अनुभवाने लिहिशील. मुलाखतीतही मंडळ त्या कामाबद्दल विचारणारच.

दुसऱ्या वर्षापासून सकाळचे तीन तास. पाच ते आठ. रात्रीवर विसंबू नकोस, ऑफिसातून आल्यावर डोकं चालत नाही. प्रिलिमच्या आधीचे दोन महिने हवे असतील तर रजा आधीपासून साठव. अर्ज भरताना कार्यालय प्रमुखांना लेखी कळव, ते बंधनकारक आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगले वरिष्ठ अशा मुलांना सांभाळून घेतात. नाही घेतलं तरी तुझी रजा तुझीच आहे. आणि याच खात्यात रमलीस तर पुढे राज्य कर अधिकारी, सहायक राज्य कर आयुक्त असा रस्ताही आहेच. तो रस्ता कमी प्रतीचा नाही.

पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्यांना जास्त वेळ मिळतो हे खरं. पण तीन वर्षं पूर्ण वेळ करून तू प्रिलिमला दोनदा अडकलीस. म्हणजे अडचण वेळेची नसावी. दोन्ही पेपरांचे गुण काढून बघ. सीसॅटमध्ये, म्हणजे उतारे आणि गणिताच्या दुसऱ्या पेपरात, ३३ टक्के झाले नव्हते का? कृषीची मुलं बहुधा तिथे अडखळत नाहीत, पण मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी-हिंदी उतारे वेळ खातात. की पहिल्या पेपरात फार अंदाज मारलेस आणि एक तृतीयांशाने गुण कापले गेले? हे शोधल्याशिवाय तिसरा अटेम्प्ट देऊ नकोस. नाबार्डच्या ग्रेड ए परीक्षेत आणि बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्यांच्या भरतीतही तुझ्या पदवीला जागा असते. तिशीच्या आत आहेस तोवर ती दोन्ही नजरेत ठेव.

बाबांशी एकदा समोरासमोर बोल. फोनवर नको. पगार सुरू झाला की घरून पैसे येणं बंद, हे तू स्वतः सांग. आणि अमुक वर्षापर्यंत मी परीक्षा देणार, हेही त्यांना वर्ष ठरवून सांग. मुलीचं काय चाललंय हे चार माणसांत सांगता येत नाही, याचा बापाला फार त्रास होतो. आता त्यांना सांगता येईल.

आणि रूम. हो, सोड. कॉट धरून ठेवलीस तर दर महिन्याला परतीचं तिकीट काढल्यासारखं वाटत राहील, आणि भाडं जाईल ते वेगळंच. डिपॉझिट मागून घे, बहुतेक मुली लाजेखातर सोडून देतात. मूळ कागदपत्रं आणि जातवैधता प्रमाणपत्र लागू असेल तर तेही एका फाईलमध्ये ठेव, झेरॉक्सचे चार संच करून घे, रुजू होताना लागतात. चालू घडामोडींची जुनी मासिकं रद्दीत गेली तरी चालतील. पण परभणीहून आणलेल्या त्या कृषीच्या वह्या, ज्या तू बहुतेक पलंगाखालच्या ट्रंकेत टाकून दिल्या असशील, त्या काढ, झटक आणि नव्या गावी सोबत घेऊन जा.

तुझी,
ताई